मुलाचा ताबा वडिलांना मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, पुण्यात नोकरी. पत्नी सात महिन्यांपूर्वी मुलाला घेऊन नाशिकला माहेरी गेली आणि तिथल्याच कौटुंबिक न्यायालयात तिने घटस्फोटाचा अर्ज टाकला. मुलगा चार वर्षं आठ महिन्यांचा. सात महिन्यांत दोनदाच भेट, तीही सासऱ्यांच्या दारात उभ्या उभ्या. ते लिहितात, 'पगार माझा जास्त, फ्लॅट माझ्या नावावर, आईवडील घरात आहेत. त्याची गोधडीसुद्धा अजून इथेच पडून आहे. एक वकील म्हणतात, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबा. मित्र म्हणतात, बापाला ताबा कधीच मिळत नाही. खरं काय?'

मी गेली बावीस वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. आयांच्या बाजूने जितकी उभी राहिले, साधारण तितकीच बापांच्या बाजूने. त्या अनुभवावर सांगते, तुमचे मित्र अर्धे चूक आहेत आणि वकील पूर्ण.

आधी ती पाच वर्षांची भानगड. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६ म्हणतं की मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. यातल्या 'नंतर' या शब्दाचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच घ्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सांगितलं. पण पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क, वेगळं आणि ताबा, म्हणजे मूल कुणाजवळ राहणार, तो वेगळा. त्याच कलमात पुढे म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे राहील. सगळी मारामारी या 'सामान्यतः'वर.

गोव्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मूल पाच वर्षांच्या आतलं. खालच्या न्यायालयाने अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा, ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो फिरवून बापाला दिला, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आईला. तिथे स्पष्ट झालं की मूल पाचाखालचं असेल तर आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करायचं नसतं, ती नालायक आहे हे बापाने दाखवायचं असतं. हे ओझं किती जड आहे ते कोर्टात उभं राहिल्यावरच कळतं.

म्हणून तुमच्या वकिलांना वाटतंय, चार महिने काढू, पाचवा वाढदिवस होऊ दे, मग अर्ज करू. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काहीही बदलत नाही. पाच वर्षांनंतर आईच्या बाजूने झुकलेलं पारडं सरळ होतं एवढंच, ते आपोआप तुमच्याकडे झुकत नाही. आणि तोवर मुलगा अकरा महिने नाशिकला राहिलेला असेल. तिथली बालवाडी, तिथले मित्र, मामाची स्कूटर, आजोबांबरोबर संध्याकाळचं देवळात जाणं. समोरचा वकील उभा राहून म्हणेल, 'साहेब, मूल रुळलंय, आता उपटू नका.' तो तसं म्हणणारच, त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. ताब्याच्या दाव्यात हा मुद्दा इतर कुठल्याही मुद्द्यापेक्षा जास्त चालतो. न्यायाधीश बसलेली घडी मोडायला सहसा राजी नसतात.

तेव्हा थांबू नका. पत्नीने नाशिकला अर्ज केलाय, तो तिला करता येतो. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जिथे राहते तिथे तिला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज टाकता येतो. तुम्ही त्याच प्रकरणात कलम २६ खाली मुलाबाबत अंतरिम अर्ज द्या. 'मी पुण्यात पालकत्वाचा वेगळा दावा लावतो, तिला इकडे हेलपाटे घालू दे' हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं न्यायालय लागतं. 'राहणं' पुण्याचं की नाशिकचं यावरच वर्ष जाईल. नंतर ती प्रकरण नाशिकला वर्ग करून मागेल, आणि लहान मूल सोबत असलेल्या बाईची अशी विनंती उच्च न्यायालय बहुतेक वेळा मान्य करतं.

आता अर्जात मागायचं काय? इथे माझं मत जरा कडू आहे. तुमच्या परिस्थितीत अंतरिम ताबा मिळण्याची शक्यता फार कमी. मागणी म्हणून तो लिहा, पण खरा जोर भेटींवर लावा. आम्ही कोर्टात त्याला 'अॅक्सेस' म्हणतो. बापाची केस अंतिम निकालाच्या दिवशी उभी राहत नाही किंवा पडत नाही, ती या अॅक्सेसच्या शनिवारांत घडत जाते. हे बहुतेक बापांना पटेपर्यंत दीड वर्ष उलटलेलं असतं.

एक प्रसंग सांगते. माझे एक अशील चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करणारे. मुलगी सात वर्षांची, आईकडे. आईच्या लेखी म्हणण्यात होतं की बाप घरी फक्त झोपायला यायचा, मुलीला त्याची सवयच नाही. न्यायाधीशांनी समुपदेशक बाईंना सांगितलं, बापलेकीची भेट तुमच्यासमोर घ्या आणि अहवाल द्या. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट ठरली. हा माणूस आला तो रिकाम्या हाताने. मी बाहेर कपाळाला हात लावला. एवढं सांगून ठेवलं होतं, निदान बिस्किटाचा पुडा तरी! मुलगी आत गेली, पाच मिनिटं खिडकीपाशी गप्प उभी राहिली. मग येऊन बापाकडे पाठ करून बसली आणि डोक्यातलं रबर काढून मागे हात करून त्याच्या हातात दिलं. त्याने मुकाट्याने केस विंचरून दोन वेण्या घातल्या. सकाळची पाळी नसेल तेव्हा शाळेच्या वेण्या तोच घालायचा, हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. समुपदेशक बाईंनी अहवालात तेवढं एक वाक्य लिहिलं. ताबा आईकडेच राहिला, पण पुढच्या तारखेला शनिवार-रविवार मुक्कामाची भेट मिळाली. माझ्या अठरा पानी अर्जाचं त्यात फारसं श्रेय नव्हतं.

उलटाही प्रसंग पाहिलाय. चांगल्या हुद्द्यावरचा माणूस, शाळेची फी स्वतः भरतो म्हणून पावत्यांची जाडजूड फाईल घेऊन साक्षीला उभा राहिला. उलटतपासात समोरच्या वकील बाईंनी तीन प्रश्न विचारले. मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, त्याला कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे, त्याच्या जवळच्या मित्राचं नाव काय. पहिल्याला तो गप्प, दुसऱ्याला 'आठवत नाही', तिसऱ्याला त्याने जे नाव सांगितलं तो मुलगा दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेला होता. पावत्या खऱ्या होत्या, पण त्यांचा उपयोग शून्य झाला.

यावरून तुमच्या 'पगार जास्त, फ्लॅट नावावर' याची किंमत ओळखा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादच्या एका मुलाचा ताबा वडिलांकडेच ठेवला, तेव्हा पैसा किंवा प्रेम हे एकटे मुद्दे निर्णायक नसतात, मुलाचं स्थैर्य आणि सुरक्षितता पाहायची, असं म्हटलं होतं. पगार जास्त असण्याचा थेट परिणाम पोटगीच्या आकड्यावर होतो, ताब्यावर नाही. आणि भेटू देत नाहीत म्हणून मुलाचा खर्च थांबवू नका. भेट आणि पोटगी ही कायद्याच्या नजरेत देवाणघेवाण नाही. पैसे थांबवलेत की समोरून पहिला अर्ज त्याचाच येईल आणि न्यायाधीशांच्या मनात तुमची जी प्रतिमा उमटेल ती पुसता येणार नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून पाठवा, रोख देऊ नका.

'आईवडील घरात आहेत' हा मुद्दा कामाचा आहे, पण जपून वापरा. मूल दिवसभर कोण सांभाळणार हे कोर्ट विचारतंच. बाप सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला घरी, आणि मध्ये सगळं आजी बघणार असं उत्तर आलं की न्यायाधीश मनात म्हणतात, मग हा ताबा आजीला मागतोय. आजीचे गुडघेही विचारात घेतले जातात, हसू नका. त्यापेक्षा कंपनीकडून कामाच्या वेळा बदलून मिळत असतील, काही दिवस घरून काम करता येत असेल, तर तसं पत्र घ्या. ते एक पत्र फ्लॅटच्या कागदांपेक्षा भारी पडेल.

आता जे करायचं नाही ते. एक, मुलाला उचलून आणू नका. दर वर्षी माझ्याकडे असा कोणीतरी येतो: भेटीला गेलो होतो, घेऊन आलो, आता ताबा माझ्याकडे. ताबा असा होत नाही. समोरचा पक्ष हेबियस कॉर्पस, म्हणजे 'मुलाला कोर्टापुढे हजर करा' अशी याचिका, घेऊन उच्च न्यायालयात जातो, पोलिसांचा फोन येतो, मूल घाबरतं आणि पुढची दोन वर्षं तुमच्या प्रत्येक भेटीवर 'पुन्हा पळवेल' ही शंका बसते. २०१७ मधल्या एका प्रकरणात मुलगी अगदी लहान वयापासून कैक वर्षं वडिलांकडे वाढली होती, तिला त्यांचा लळाही होता. तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईकडे दिला. तिला आईपासून तोडून ठेवल्याने आईच्या सहवासाचा अनुभवच तिला मिळाला नाही, तो मिळायला हवा, असा त्यामागचा विचार होता.

दोन, बायकोच्या चारित्र्यावर चिखलफेक करू नका. पुरुषांना वाटतं, हा हुकुमाचा एक्का. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, पण तेवढ्यावरून ताबा नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलंय. पत्नी म्हणून वाईट म्हणजे आई म्हणून वाईट, हे समीकरण कोर्टात चालत नाही. मुलाच्या अंगावर वळ, घरात दारू, उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार, मूल तासन्‌तास एकटं सोडणं असं काही खरंच असेल तर डॉक्टरांचे कागद, शाळेची नोंद, शेजाऱ्याची साक्ष घेऊन या. नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. उलट 'आई म्हणून ती चांगली आहे, पण मुलाला मीही हवा' असं शपथेवर म्हणणारा बाप न्यायाधीशांना विरळा दिसतो, आणि त्याचं पुढचं म्हणणं ते लक्ष देऊन ऐकतात.

तीन, मुलाचे व्हिडिओ काढू नका. 'सांग बाळा, तुला कुणाकडे राहायचंय?' असा प्रश्न विचारून केलेलं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून लोक अभिमानाने दाखल करतात. पढवलेलं मूल न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतं. मुलाची पसंती ऐकण्याची सोय कायद्यात आहेच, १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये ती आहे, पण मूल समजून-उमजून सांगण्याच्या वयाचं हवं. पक्कं वय लिहिलेलं नाही. माझ्या पाहण्यात नऊ-दहाच्या पुढे त्याला वजन येतं. न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी एकट्याने बोलतात, तिथे आम्हा वकिलांनाही प्रवेश नसतो. २००६ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात आई बालरोगतज्ज्ञ होती, तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, तरी मोठी होत चाललेली मुलगी वडिलांकडेच राहायचं म्हणाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तसं होऊ दिलं. तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला यात ओढायला अजून पुष्कळ वेळ आहे.

मग बापांना ताबा मिळतो तो कुठे? मूल मोठं आहे आणि त्याचा ओढा बापाकडे आहे तिथे. आई स्वतःच मूल ठेवून गेली आहे तिथे. आईचं वागणं मुलाला धोक्याचं आहे हे कागदोपत्री सिद्ध झालंय तिथे. आई वारली आणि मूल आजोळी अडकलं तिथेही. २०१९ मध्ये असंच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलं होतं. आईला कर्करोग, त्याच काळात बापही आजारी, मूल आजोळच्या नातेवाइकांकडे वाढत होतं. सर्वोच्च न्यायालयाने मूल वडिलांकडे सोपवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. यातली एकही परिस्थिती तुमची नाही, म्हणून मी अॅक्सेसवर एवढा जोर देतेय.

धर्म वेगळा असेल तर कायदा थोडा वेगळा. हनफी मुस्लिम परंपरेत मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, त्याला हिजानत म्हणतात. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा, नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह कायदा. पण कुठूनही सुरुवात केली तरी न्यायालय शेवटी मुलाच्या हितावरच येऊन थांबतं.

संयुक्त ताब्याबद्दल हल्ली खूप विचारणा होते. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची शिफारस केली, कायदा मात्र तसा बदलला नाही. आपसात ठरलं तर न्यायालय मान्य करतं. दोन घरं एकाच शहरात, शाळेच्या जवळपास असतील तर ते जमतंही. पुणे आणि नाशिकमध्ये आठवड्याची वाटणी करून बालवाडीत जाणारं मूल फिरवायचं हे मला स्वतःला पटत नाही.

तुमच्यासाठी मी अर्ज लिहिला असता तर असा. पहिले दोन महिने दर पंधरवड्याच्या शनिवारी नाशिकला, दिवसभर, कोर्टाच्या आवाराबाहेर. त्यानंतर शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ मुक्काम. दिवाळीची आणि मेची अर्धी सुट्टी. गणपतीचे दोन दिवस. वाढदिवसाला निदान तीन तास. आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल, सात ते साडेसात, कारण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूर राहणाऱ्या पालकाच्या या संपर्काच्या हक्काला स्पष्ट मान्यता दिलीय. शाळेचा प्रगती अहवाल आणि डॉक्टरांचे कागद दोघांनाही मिळावेत. न्यायालयाला न विचारता मुलाला परदेशी नेऊ नये. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्ज मार्चमध्येच द्या. एप्रिलच्या शेवटी धावाधाव करणारे बाप मी दर वर्षी बघते, कारण मेमध्ये कोर्टालाही सुट्टी लागते आणि आदेश हातात पडेपर्यंत शाळा उघडलेली असते.

'वाजवी भेट मिळावी' असे गुळमुळीत शब्द आदेशात किंवा तडजोडीच्या अटींत कधीही येऊ देऊ नका. वार, वेळ, जागा, आणायचं कुणी, सोडायचं कुणी, ताप आला तर बदली दिवस कोणता, सगळं लिहून घ्या. माझ्या एका जुन्या प्रकरणात, तेही पुणे-नाशिकच, मुलाची देवघेव आळेफाट्यावर ठरली होती, साधारण मध्यावर. बाप पुण्याहून यायचा, आई नाशिकहून. पहिले सहा महिने दोघं गाडीतून उतरायचे नाहीत, मूल एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचं. पुढे एका पावसाळ्यात दोघांना एकाच टपरीखाली उभं राहावं लागलं. तेव्हापासून दप्तर, औषधाची बाटली, 'काल रात्री खोकला होता' एवढं तरी तोंडाने बोलणं सुरू झालं. त्यांचा दावा नंतर वर्षभरात तडजोडीने मिटला.

अंतरिम आदेश मनासारखा झाला नाही तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली त्यावर अपील होत नाही, उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट त्या न्यायालयाच्या अधिकारात दाद मागणारी याचिका, लावावी लागते. पण प्रत्येक आदेशावर वर धावण्यात अर्थ नाही. ताब्याचा आणि भेटीचा कुठलाच आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की नव्याने अर्ज करता येतो. आज दिवसाची भेट मिळाली तर ती सहा महिने एकही शनिवार न चुकवता घ्या आणि मग मुक्काम मागा. चुकलेल्या शनिवारांची नोंद समोरची बाजू तारखेनिशी ठेवत असते. आदेश असूनही ते भेटू देत नसतील तर त्यांच्या दारात आवाज चढवू नका. त्याच दिवशी मेसेज पाठवून ठेवा, 'अमुक वाजता आलो, इतका वेळ थांबलो', आणि पुढच्या तारखेला आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज द्या.

पहिल्या भेटीला जाताना रिमोटची मोठी गाडी वगैरे नेऊ नका. सात महिन्यांनी बाप भेटतोय, मूल कदाचित जवळ येणार नाही, आईच्या पदराआड जाईल. ते पाहून तिथेच तिच्याशी भांडण काढू नका, समुपदेशक बघत असतात. जमिनीवर बसा आणि थांबा. ती गोधडी मात्र न्या, न धुता. आणि तिचा फोटो काढून कोर्टात दाखल करू नका.